तोफ आणि कॅनन: शब्दांचे अर्थ, वापर आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक आली की प्रचाराच्या तोफा धडाडतात, विधिमंडळाचे अधिवेशन सुरू झाले की विरोधक सरकारवर तोफ डागतात, आणि किल्ल्यावर गेलेला प्रत्येक जण गंजलेल्या तोफेवर हात ठेवून फोटो काढतो. शब्द एवढा ओळखीचा असूनही त्याच्याविषयी मूलभूत प्रश्न सतत विचारले जातात. विचारणाऱ्यांत विद्यार्थी असतात, भाषांतर करणारे असतात, गडकिल्ल्यांवर हिंडणारे असतात. त्यांच्या प्रश्नांची जमेल तेवढी नेमकी उत्तरे इथे दिली आहेत.

तोफ म्हणजे नेमके काय? बंदुकीपेक्षा ती वेगळी कशी?

एका बाजूने बंद असलेली जाड धातूची नळी, तिच्यात स्फोटक दारू, दारूपुढे गोळा. दारू पेटली की तयार झालेला वायू गोळ्याला नळीच्या तोंडातून बाहेर ढकलतो. एवढे वर्णन बंदुकीलाही लागू पडते. फरक आकाराचा आणि आधाराचा आहे. बंदूक माणूस हातात धरून उडवतो, तोफेला गाडा, ओटा, बुरूज, जहाज किंवा वाहन लागते. ती चालवायला एक माणूस पुरत नाही, तुकडी लागते. म्हणूनच बंदुकीचा ‘बंदूकधारी’ असतो आणि तोफेचा ‘तोफखाना’.

आजच्या लष्करी भाषेत आणखी एक रेघ आहे. विमानावर किंवा चिलखती गाडीवर बसवलेल्या झटपट गोळ्या झाडणाऱ्या शस्त्राच्या नळीचा व्यास साधारण २० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर ती तोफ, कमी असेल तर मशीनगन. सुखोई-३० एमकेआय विमानावर ३० मिलिमीटरची अशी तोफ असते.

‘तोफ’ हा शब्द मराठीत कुठून आला?

तुर्की भाषेतून, फारसीच्या वाटेने. तुर्कीत ‘तोप’ म्हणजे गोल वस्तू, चेंडू. खेळायचा चेंडूही तोप आणि गोळा फेकणारे शस्त्रही तोप. फारसीतही एकच शब्द चेंडू आणि तोफ या दोन्ही अर्थांनी चालतो. हिंदीने ‘तोप’ ठेवले, मराठीने प चा फ करून ‘तोफ’ केले.

इस्तंबूलचा प्रसिद्ध ‘तोपकापी’ राजवाडा म्हणजे शब्दशः ‘तोफदरवाजा’. त्याच शहरात ‘तोपहाने’ नावाचा भाग आहे. उस्मानी सुलतानांच्या तोफा तिथे ओतल्या जात. हे ‘तोपहाने’ आणि आपल्या अहिल्यानगरातला ‘तोफखाना’ हा भाग, दोन्ही नावे अक्षरशः एकच शब्द आहेत. हजारो किलोमीटरवरच्या दोन शहरांत एकाच नावाच्या दोन वस्त्या, हे मला फार हृद्य वाटते.

‘बंदूक’ हा शब्दही अशाच वाटेने आला. अरबीत ‘बुंदुक’ म्हणजे हेझलनट हे कठीण कवचाचे छोटे फळ. त्यावरून मातीची गोळी, आणि गोळीवरून गोळी फेकणारे शस्त्र. म्हणजे तोफ आणि बंदूक या दोन्ही शस्त्रांची नावे मुळात आतून बाहेर पडणाऱ्या वस्तूची नावे आहेत.

मग इंग्रजी ‘कॅनन’चा मूळ अर्थ काय?

इथे चित्र उलटे आहे. लॅटिनमध्ये ‘कान्ना’ म्हणजे बोरू, वेत, पोकळ काडी. त्यावरून इटालियनमध्ये ‘कान्नोने’, म्हणजे मोठी नळी. तिथून फ्रेंचमध्ये आणि पुढे इंग्रजीत ‘कॅनन’. तुर्कांनी गोळा पाहिला, इटालियनांनी नळी पाहिली.

या बोरूच्या कुळातले बरेच शब्द आपण वापरतो. सलाइन लावताना हातात जी बारीक नळी खुपसतात ती ‘कॅन्युला’ म्हणजे लहानसा बोरू. कॅनन मोठा बोरू, कॅन्युला छोटा. पाण्याचा ‘कॅनॉल’ही याच घरातला. नदीने कोरलेली खोल घळ म्हणजे ‘कॅन्यन’, आणि स्पॅनिश भाषेत तर तोफ आणि घळ या दोन्हींना आजही एकच शब्द आहे.

आपल्याकडेही नळीवरून नाव ठेवायची रीत होतीच. संस्कृतात ‘नल’ म्हणजे बोरूच. त्याच्या जवळचे नाल, नाळ, नळी हे शब्द. जुन्या कागदांत ‘शुतरनाळ’, ‘गजनाळ’ अशी तोफांची नावे सापडतात. दोन भाषा एकमेकींना न विचारता एकाच काडीपाशी पोहोचल्या. मराठीत आज नळीवरून आलेले नावही आहे आणि गोळ्यावरून आलेलेही.

‘कॅनन’ म्हणजे प्रमाणग्रंथ असेही वाचले. तोच शब्द का?

नाही. देवनागरीत दोन्ही ‘कॅनन’च लिहिले जातात म्हणून हा गोंधळ होतो. इंग्रजीत तोफेच्या शब्दात मध्ये दोन ‘एन’ असतात, प्रमाणग्रंथाच्या शब्दात एकच.

एक ‘एन’वाला कॅनन ग्रीक ‘कानोन’वरून आला. कानोन म्हणजे सरळ काठी, मोजपट्टी, आणि म्हणून नियम. धर्मसंस्थेने मान्य केलेल्या ग्रंथांचा संच, साहित्यातली सर्वमान्य श्रेष्ठ पुस्तके, एखाद्या कथामालिकेतल्या अधिकृत मानलेल्या घटना, हे सगळे त्या कॅननचे अर्थ. एकाच सुरावटीच्या मागून तीच सुरावट सुरू होते त्या पाश्चात्त्य संगीतरचनेलाही हेच नाव आहे. मराठीत याला संदर्भानुसार ‘प्रमाणग्रंथ’, ‘अधिकृत कथा’ असे म्हणावे. नुसते ‘कॅनन’ लिहिले तर वाचक तोफेपाशी जाऊन थांबतो.

हाच ग्रीक शब्द अरबीत गेला आणि ‘कानून’ झाला. तिथून तो आपल्याकडे आला तो ‘कायदेकानू’तला कानू. आणि ग्रीक कानोनचे मूळही बहुधा त्या बोरूपाशीच पोहोचते, कारण सरळ बोरू हीच पहिली मोजपट्टी. दोन्ही कॅनन सख्खे नसले तरी लांबचे भाऊ आहेत.

कॅमेऱ्याच्या ‘कॅनन’ कंपनीचा तोफेशी काही संबंध?

काहीच नाही. १९३४ साली तयार झालेल्या त्यांच्या पहिल्या नमुना कॅमेऱ्याचे नाव ‘क्वानोन’ होते. करुणेची बौद्ध देवता कन्नोन, तिच्यावरून. कन्नोन हे अवलोकितेश्वर बोधिसत्त्वाचे जपानी रूप. पुढच्याच वर्षी नाव बदलून ‘कॅनन’ केले, तेही एक ‘एन’चे, मोजपट्टीच्या अर्थाचे.

रामायण-महाभारतातली ‘शतघ्नी’ म्हणजे तोफच ना?

हा प्रश्न मनापासून विचारला जातो, म्हणून उत्तरही सरळ देतो. शतघ्नी म्हणजे ‘शंभरांना मारणारी’. नगराच्या तटावर ती ठेवलेली असे, असे उल्लेख येतात. पण दारूच्या स्फोटाने गोळा फेकणारी नळी, असे तिचे वर्णन नाही. नाव भयंकर आहे एवढ्यावरून तिला तोफ ठरवता येत नाही.

दारूवर चालणाऱ्या नळीचे सर्वांत जुने पुरावे चीनमध्ये सापडतात. तिथल्या हेइलुंगच्यांग प्रांतात मिळालेली काशाची हातनळी साधारण १२८८ सालची मानतात. युरोपातले तोफेचे पहिले चित्र १३२६ सालच्या एका हस्तलिखितात आहे. १४५३ साली कॉन्स्टँटिनोपलच्या वेढ्यात सुलतान दुसऱ्या मेहमदासाठी उर्बान नावाच्या हंगेरियन कारागिराने प्रचंड तोफ ओतली, आणि १५२६ साली पानिपतावर बाबराने तोफा वापरल्या. बाबराच्या आत्मचरित्रात ‘फिरंगी’ नावाच्या तोफा येतात. मराठीत मात्र ‘फिरंग’ म्हणजे विलायती पात्याची तलवार. परक्याचे शस्त्र ते फिरंगी, एवढाच त्या नावाचा भाव.

लिंग आणि वचन?

ती तोफ, त्या तोफा. तोफेचा, तोफांचा. हिंदी ‘तोहफा’चा उच्चार कानाला ‘तोफा’ असा लागतो, पण तो भेटवस्तूचा अरबी शब्द वेगळा.

‘गन’ला मराठीत बंदूक म्हणायचे की तोफ?

भाषांतरात सर्वांत जास्त चुका इथे होतात. इंग्रजी ‘गन’ पिस्तुलापासून युद्धनौकेवरच्या अजस्र तोफेपर्यंत सगळ्यांना चालतो. मराठीने ही दोन घरे वेगळी ठेवली आहेत, आणि ती तशीच राहावीत असे मला वाटते. ‘फील्ड गन’ ही मैदानी तोफ. ‘गनर’ म्हणजे तोफची किंवा गोलंदाज. भारतीय लष्कराचा ‘गनर्स डे’ २८ सप्टेंबरला असतो, कारण १८२७ साली त्या दिवशी मुंबईच्या सैन्यातली पहाडी तोफखान्याची तुकडी उभी राहिली. त्याला ‘बंदूकधाऱ्यांचा दिवस’ म्हटले तर अर्थच बदलतो. तो तोफखान्याचा दिवस. या तोफखान्याची प्रशिक्षणशाळा देवळालीला आहे आणि ‘सर्वत्र इज्जत-ओ-इकबाल’ हे त्याचे ब्रीद.

‘२१ तोफांची सलामी’ म्हणजे २१ तोफा असतात का?

नाही. २१ वेळा तोफ उडते, तोफा कमी असतात. प्रजासत्ताक दिनाला राष्ट्रगीत सुरू असताना हे बार काढले जातात. ५२ सेकंदांच्या राष्ट्रगीतात ठरावीक अंतराने २१ बार बसवणे हे कसबाचे काम आहे. पूर्वी यासाठी ब्रिटिश बनावटीच्या २५ पाउंडर तोफा वापरत, २०२३ पासून भारतीय बनावटीच्या १०५ मिलिमीटर तोफा वापरतात.

ब्रिटिश काळात संस्थानिकाचा दर्जा तोफांच्या आकड्यावर ठरे. बडोद्याला २१, कोल्हापूरला १९ अशी उतरंड होती, आणि आकडे विषमच असत. त्यातूनच ‘अमुक तोफांचे संस्थान’ असा बोलण्याचा प्रकार आला.

शहीद जवानाच्या अंत्यसंस्काराच्या वेळी रायफली हवेत रोखून फैरी झाडतात, ती बंदुकांची मानवंदना. तिला तोफांची सलामी म्हणणे चूक आहे. बातमी लिहिताना घाईत ही चूक होते आणि ज्याच्याविषयी आपण लिहितो त्याच्या सन्मानाचे वर्णनच चुकते. म्हणून इथे जपावे.

उखळी तोफ म्हणजे काय? हॉवित्झर तीच का?

आखूड, रुंद तोंडाची, आकाशाकडे तोंड करून बसलेली तोफ म्हणजे उखळी तोफ. ती गोळा उंच फेकते आणि तो तटापलीकडे वरून पडतो. समोरून भिंत फोडणे जमत नसेल तिथे तिचा उपयोग. आकार उखळासारखा, म्हणून हे नाव. इंग्रजीत तिला ‘मॉर्टर’ म्हणतात, आणि मॉर्टर म्हणजेही कांडायचे उखळच. दोन्हीकडच्या सैनिकांना तेच भांडे आठवले.

हॉवित्झर मधली. साध्या तोफेपेक्षा उंच कोनात मारणारी, उखळीपेक्षा लांब नळीची. हा शब्द चेक भाषेतल्या ‘हौफ्नित्से’वरून आला. ‘हौफ’ म्हणजे जमाव. जमावावर मारा करायची ती तोफ. १९८६ च्या करारातून आलेली आणि १९९९ साली कारगिलच्या शिखरांवर मारा करणारी बोफोर्स हे तिचे आपल्याला ठाऊक असलेले उदाहरण.

‘१५५ मिलिमीटर, ५२ कॅलिबर’ यातले आकडे काय सांगतात?

पहिला आकडा नळीच्या आतला व्यास. दुसरा नळीची लांबी, पण व्यासाच्या पटीत. म्हणजे १५५ गुणिले ५२, साधारण ८.०६ मीटर. के-९ वज्र ही तोफ या मापाची आहे. धनुष ४५ कॅलिबरची, म्हणजे तिची नळी सुमारे ७ मीटर. नळी लांब असली की गोळ्यावर वायूचा रेटा जास्त वेळ राहतो आणि पल्ला वाढतो. पूर्वी तोफ गोळ्याच्या वजनावरून ओळखत, ‘२५ पाउंडर’ हे नाव त्याच पद्धतीचे.

जुन्या मराठी कागदांत जंबुरे, शुतरनाळा, जेजाला असे शब्द येतात. त्या तोफाच का?

हो, लहान तोफा. ‘शुतर’ म्हणजे फारसीत उंट. उंटाच्या पाठीवर बसवलेली ती शुतरनाळ. हत्तीवरची ती गजनाळ. ‘जंबुरा’ हा शब्द ‘झंबूर’वरून, म्हणजे गांधीलमाशी. छोटी, चपळ, जोरात डसणारी. जेजाल म्हणजे लांब नळीची, टेकू देऊन उडवायची जड बंदूक, तोफ आणि बंदूक यांच्या सीमेवरची.

मोठ्या तोफा हलवणे हेच एक युद्ध होते. बैलांच्या जोड्यामागून जोड्या जुंपायच्या, चढावर हत्तीने मागून रेटायचे, पावसात गाडा रुतला की सैन्य थांबायचे. पेशव्यांच्या तोफखान्याची जबाबदारी पानसे घराण्याकडे होती. सासवडजवळचा सोनोरीचा मल्हारगड याच पानशांनी बांधला. पानिपतावर १७६१ साली मराठ्यांच्या बाजूने तोफा आणि गारदी पायदळ सांभाळणारा इब्राहिमखान गारदी शेवटपर्यंत निष्ठेने लढला आणि पकडला जाऊन मारला गेला.

तोफ उडवण्याच्या क्रियेतून मराठीला कोणते शब्द मिळाले?

या विषयात मला सर्वांत जास्त आवडणारा प्रश्न हा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुनी तोफ ठासणीची. तोंडातून दारू भरायची, मग गोळा, आणि लांब दांड्याने ते सगळे दाबून बसवायचे. याला ‘ठासणे’ म्हणत. आपण एखादी गोष्ट ‘ठासून सांगतो’ किंवा एखाद्यात गुण ‘ठासून भरलेले’ असतात, तेव्हा हाच दांडा आपल्या हातात असतो.

तोफेच्या मागच्या बाजूला वर एक बारीक भोक असते. त्याला ‘कान’ म्हणतात. त्या कानात बारीक दारू घालून तिला पेटती वात लावायची, ती ‘बत्ती’ देणे. सगळ्यांनी एकदम बत्ती दिली की ‘सरबत्ती’. पत्रकार परिषदेत ‘प्रश्नांची सरबत्ती’ होते ती इथूनच आली. ‘भडिमार’ तिचाच सोबती. ‘पलिता’ म्हणजे पेटवायची वात, आणि भांडणाला कोणी पलिता लावला म्हणजे काय झाले हे सांगायला नको.

शत्रूच्या तोफा ताब्यात आल्या पण ओढून नेणे शक्य नाही, तर काय करायचे? कानात खिळे ठोकायचे. बत्ती देता येत नाही, तोफ मुकी होते. ‘तोफांच्या कानांत खिळे मारले’ असे वाक्य जुन्या लढायांच्या वर्णनांत भेटते. हे माहीत नसेल तर ते वाक्य कळतच नाही.

तोफ एकदा उडली की तो एक ‘बार’. दारू सर्दली असेल तर आवाज होतो, गोळा जात नाही. तो ‘फुसका बार’. लग्नाचा ‘बार उडवून देणे’ यातला आनंदही त्याच आवाजाचा. ‘फैर’ हा शब्द मात्र इंग्रजी ‘फायर’चे मराठी रूप, आणि तो इतका मुरला की आरोपांच्या फैरी झाडताना कुणाला तो परका वाटत नाही.

‘डागणे’ म्हणजे मुळात तापलेल्या लोखंडाने चटका देणे. जनावरांना डागतात तेच डागणे. कानातल्या दारूला धगधगते टोक लावायचे, म्हणून तोफही डागतात. ‘मोर्चा’ म्हणजे किल्ल्यासमोर खणलेला आडोसा, जिथे तोफा आणून लावत. मोर्चे बांधणे म्हणजे हल्ल्याची तयारी. आजचा रस्त्यावरून चालणारा मोर्चा आणि तिकीटवाटपाआधीची ‘मोर्चेबांधणी’, दोघेही त्या खणलेल्या मातीतून उठून आले आहेत.

आणि ‘दारू’. फारसीत दारू म्हणजे औषध, ‘दवादारू’तली. तिला बंदुकीच्या दारूचा अर्थ मिळाला. चिनी भाषेत याच भुकटीला ‘अग्नि-औषध’ अशा अर्थाचा शब्द आहे. सुमारे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक असे हे औषध. सोरा आणि गंधक वैद्यांच्या पोतडीतलेच पदार्थ होते.

क्रिकेटमधला ‘गोलंदाज’ तोफेशी संबंधित आहे का?

पूर्णपणे. फारसी ‘अंदाज’ म्हणजे फेकणारा. तीर फेकणारा तीरंदाज, गोळा फेकणारा गोलंदाज. शतकानुशतके गोलंदाज म्हणजे तोफ चालवणारा सैनिक. क्रिकेट आले, चेंडू फेकणाऱ्याला नाव हवे होते, आणि मराठीने जुना सैनिक मैदानात उतरवला. तुर्कीत तोफेला चेंडूचे नाव मिळाले होते, मराठीत चेंडू टाकणाऱ्याला तोफवाल्याचे. वर्तुळ पुरे झाले. वेगवान गोलंदाजाला समालोचक ‘तोफखाना’ म्हणतात तेव्हा नकळत शब्द आपल्या घरी परत जातो.

गोळाफेकही याच वंशातली. पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा, म्हणजे १६ पौंडांचा. हा तोफगोळ्याच्या जुन्या मापाचा वारसा.

‘तोफेच्या तोंडी देणे’ हा नुसता वाक्प्रचार आहे की असे खरोखर करत?

खरोखर करत. माणसाला तोफेच्या तोंडाशी बांधून बत्ती द्यायची, अशी ही शिक्षा. मोगल काळातही ती होती, आणि १८५७ च्या उठावात इंग्रजांनी ती मोठ्या प्रमाणावर वापरली. जून १८५७ मध्ये पेशावरला ४० शिपायांना एकाच दिवशी असे उडवले. मुंबईत १५ ऑक्टोबर १८५७ रोजी सय्यद हुसेन आणि मंगल गडिया या दोन सैनिकांना आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात तोफेच्या तोंडी देण्यात आले. शरीर अखंड राहू नये, म्हणजे अंत्यविधीही होऊ नयेत, हा त्या क्रौर्यामागचा हेतू होता.

आज आपण नवख्या खेळाडूला किंवा कनिष्ठ कर्मचाऱ्याला ‘तोफेच्या तोंडी दिले’ असे म्हणतो. शब्द वापरायला हरकत नाही. पण त्या मैदानावर उभ्या केलेल्या माणसांची आठवण त्याच्या मागे आहे, हे ठाऊक असावे.

चांगल्या वक्त्याला ‘मुलूखमैदान तोफ’ का म्हणतात?

विजापुरात, म्हणजे आजच्या विजयपुरात, शेरझा बुरुजावर मलिक-इ-मैदान नावाची तोफ आहे. अर्थ ‘रणमैदानाचा स्वामी’. मराठी जिभेवर त्याचे ‘मुलूखमैदान’ झाले. ती १५४९ साली अहमदनगरच्या निजामशाहीत मुहम्मद बिन हसन रूमी याने ओतली. ‘रूमी’ म्हणजे तुर्कस्तानाकडचा, म्हणजे शब्द आला त्याच वाटेने कारागीरही आला. लांबी सुमारे ४.४५ मीटर, वजन सुमारे ५५ टन. तोंडाला जबडा उघडलेल्या श्वापदाचा आकार, आणि त्याच्या दातांत हत्ती चिरडलेला. १६८६ साली विजापूर जिंकल्यावर औरंगजेबाने तिच्यावर आपला लेख कोरवला.

सभा हादरवणाऱ्या वक्त्याला तिचे नाव मिळाले. पण ही उपाधी आता इतकी स्वस्त झाली आहे की आवाज मोठा असलेल्या कुणालाही ती लागते. ती तोफ समोर उभे राहून पाहिली की नाव देताना हात आपोआप आखडतो.

मोठ्या तोफांत जयपूरच्या जयगडावरची १७२० सालची जयबाण, मॉस्कोतली १५८६ सालची ८९० मिलिमीटर व्यासाची त्सार तोफ, जंजिऱ्यावरची कलाल बांगडी आणि दौलताबादची मेंढ्याच्या तोंडाची मेंढा तोफ, एवढी नावे लक्षात ठेवावीत.

‘लूज कॅनन’ आणि ‘कॅनन फॉडर’ मराठीत कसे म्हणावे?

‘सैल तोफ’ आणि ‘तोफेचा चारा’ अशी भाषांतरे छापलेली दिसतात. दोन्ही टाळावीत. पहिला शब्दप्रयोग जहाजावरचा. चाकांच्या गाड्यावरची तोफ दोर तुटून सुटली की हेलकाव्यांबरोबर इकडून तिकडे धावत आपल्याच माणसांना चिरडते. आपण त्याला ‘बेछूट माणूस’, ‘कधी काय बोलेल याचा नेम नाही असा’ म्हणतो. ‘नेम नाही’मध्येही नेमबाजी आहेच. दुसऱ्यासाठी ‘तोफेच्या तोंडी दिलेले सैनिक’ हा आपला प्रयोग तयार आहे.

‘प्रचाराच्या तोफा थंडावल्या’ असे ठरावीक दिवशीच का छापून येते?

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२६ नुसार मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास जाहीर प्रचार बंद असतो. तो क्षण आला की वर्तमानपत्रे हा मथळा देतात. प्रतिमाही अचूक आहे. सतत मारा करून तोफेची नळी तापते, आणि ती निवल्याशिवाय पुन्हा दारू भरणे धोक्याचे असते.

बिलियर्ड्स, घोडा, वॉटर कॅनन: यांतला ‘कॅनन’ तोच का?

बिलियर्ड्समधला नाही. आपल्या चेंडूने दुसऱ्या दोन्ही चेंडूंना स्पर्श केला की इंग्लिश बिलियर्ड्समध्ये २ गुण मिळतात, त्याला ‘कॅनन’ म्हणतात. तो ‘कॅरम’ या शब्दाचा अपभ्रंश, आणि त्याच्या मागे फ्रेंच ‘कारांबोल’ आहे.

घोड्याच्या पायात गुडघ्याखालच्या लांब हाडाला ‘कॅनन बोन’ म्हणतात. तो मात्र नळीचाच. चिनी बुद्धिबळात ‘तोफ’ नावाचे मोहरे असते. ते आपल्या हत्तीसारखे सरळ चालते, पण मारायचे असेल तर मध्ये नेमके एक मोहरे असावे लागते, त्याच्यावरून उडी घेऊन ते मारते. तटावरून गोळा टाकण्याची किती सुरेख नक्कल!

‘वॉटर कॅनन’ला काही जण ‘जलतोफ’ लिहितात. ‘पाण्याचा मारा’ हे जास्त मराठी वाटते आणि लगेच कळते.

तोफेने विज्ञानाला काही दिले का?

बरेच. न्यूटनने उंच डोंगरावर ठेवलेल्या तोफेची कल्पना केली. गोळा जितका वेगाने सोडाल तितका लांब पडेल, आणि वेग पुरेसा असेल तर तो पडतच राहील पण जमिनीला टेकणार नाही, पृथ्वीभोवती फिरेल. हा वेग सेकंदाला सुमारे ७.९ किलोमीटर. उपग्रहाची कल्पना अशी तोफेच्या तोंडातून निघाली.

म्युनिकच्या शस्त्रागारात काउंट रमफर्ड तोफेची नळी कोरण्याच्या कामावर देखरेख करत होता. कोरताना धातू इतका तापे की भोवतालचे पाणी अडीच तासांत उकळू लागे, विस्तवाशिवाय. घर्षण चालू आहे तोवर उष्णता येतच राहते, म्हणजे उष्णता हा पदार्थ नाही, ती गती आहे, हा निष्कर्ष त्याने १७९८ मध्ये मांडला. आणि जॉन विल्किन्सनने १७७४ साली तोफा अचूक कोरण्यासाठी काढलेल्या यंत्राच्या पद्धतीनेच जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनाला बिनगळतीचे सिलिंडर मिळाले.

‘तोफ झाली’ म्हणजे काय?

घड्याळे घरोघरी नव्हती तेव्हा तोफ वेळ सांगत असे. पेशवाईतल्या पुण्यात रात्री तोफ होई आणि त्यानंतर रस्त्यावर हिंडायला मनाई असे. एडिंबरोत १८६१ पासून दुपारी एकची तोफ उडते, केप टाउनमध्ये बाराची. निरोप पोहोचवण्याचे कामही तोफ करी. जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज विशाळगडावर सुखरूप पोहोचल्याची खूण म्हणून तोफांचे आवाज झाले, आणि ते कानी पडेपर्यंत बाजीप्रभूंनी खिंड सोडली नाही, असे परंपरा सांगते.

जुन्या लिखाणात ‘तोफ झाली’ असे वाचाल तेव्हा आधी आजूबाजूची वाक्ये पाहावीत. लढाई सुरू झाली असेल, राजपुत्र जन्मला असेल, किंवा फक्त रात्र झाली असेल.